भांड्यांचा संच मिळाला, झोपेचं काय?

मांजरसुंबा-केज रस्त्यावरचं नेकनूर हे बाजाराचं गाव. या भागातली कितीतरी कुटुंबं पाऊस संपला की कोयता घेऊन कारखान्यांच्या फडात जातात. ज्यांना कोयता झेपत नाही, ती गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून उभी राहतात. कुणी बीडमध्ये, कुणी थेट पुण्याच्या साइटवर. पुष्कळदा वर्षभरात शेत, फड आणि स्लॅब या तिन्ही ठिकाणी घाम गाळणारा माणूस एकच असतो. सरकारी कागदावर मात्र तो कधी शेतकरी, कधी ऊसतोड कामगार, तर कधी बांधकाम कामगार. यातल्या शेतकऱ्याच्या मनाची थोडीफार विचारपूस तरी झाली.

शेतकरी आत्महत्यांनंतर मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत, बीडसह, राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं हेरायची आणि त्यांना समुपदेशकापर्यंत पोचवायचं, अशी त्याची मांडणी. कल्पना चांगलीच होती. पण आशाताई घरी येते तेव्हा बिगारी घरी असतो का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 2021 सालची आकडेवारी पाहा. देशात 1,64,033 आत्महत्या झाल्या आणि त्यांतले 42,004 जण रोजंदारीवरचे होते. म्हणजे चारांत एक. शेती क्षेत्रातल्या आत्महत्यांची नोंद त्याच वर्षी 10,881 होती. दोन दुःखांची तुलना करण्यात अर्थ नाही, आणि रोजंदारीवरचे सगळे काही बांधकामावर नव्हते. तरी शेतीतल्या आकड्यावर अधिवेशनं गाजली आणि रोजंदारीच्या आकड्याचा गवगवा फारसा झाला नाही, हे खरंच.

महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे, 2011 पासून. बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून त्याच्याकडे पैसा येतो. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला जोडला की नोंदणी होते. खेड्यात हा दाखला ग्रामसेवक देतो. भांड्यांचा संच, सुरक्षा पेटी, मुलांना शिष्यवृत्ती, कामावर मृत्यू आला तर वारसाला पाच लाख. यादी लांबलचक आहे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या उपचारासाठी सहा हजार रुपयेही त्यात आहेत. म्हणजे दारू दिसली. ती कशावर उतारा म्हणून घेतली जाते, ते दिसलं नाही. मुकादमाची उचल अंगावर, काम महिन्यातून पंधरा दिवस, परांचीवरून पडलेला जोडीदार डोळ्यांसमोरून हलत नाही, गावाकडे मुलीचं लग्न तोंडावर. या सगळ्याला साइटवर एकच शब्द आहे, ‘टेन्शन’, आणि त्यावर उपायही बहुधा एकच.

ऑस्ट्रेलियातल्या बांधकाम धंद्याने हे 2008 मध्ये ओळखलं. तिथल्या ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ या उपक्रमात डॉक्टर साइटवर नेऊन बसवत नाहीत. कामगारांतल्याच काहींना शिकवतात : सोबतचा गप्प झाला तर कसं ओळखायचं, काय विचारायचं, कुणाकडे न्यायचं. आपल्याकडे ही जागा मिस्त्रीची आहे. कोण कामावर यायचा बंद झाला, कोण परवापासून जेवत नाही, हे त्याला आधी कळतं. मंडळाने नोंदणीच्या निमित्ताने अशा मिस्त्री-मुकादमांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं आणि त्या दोन दिवसांची हजेरीही भरून द्यावी. फुकट कोण येईल? मुकादमाची उचल हेच अनेकदा दुखणं असतं, म्हणून हाताखाली काम करणाऱ्या बायकांतलीही एखादी निवडावी.

‘टेलीमानस’चा 14416 हा फोन क्रमांक 2022 पासून आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पण पत्र्याच्या एका खोलीत आठ जण झोपतात तिथे माणूस फोनवर रडणार कसा? नेकनूरहून पुण्याला गेलेल्या पोराला आधी बोलायला आडोसा लागेल, आणि शेजारच्या अंथरुणावरून ‘काय झालं रे, झोप नाही का?’ असं विचारणारा कुणी.