‘सोसायटीत चालत नाही’ या वाक्याची किंमत

मी मुंबई-ठाणे परिसरात घरांची दलाली करतो. या धंद्यात ग्राहकाचे बजेट नंतर विचारले जाते, नाव आधी. नाव सांगितले की पलीकडचा दलाल ठरलेले वाक्य बोलतो : ‘मालकाची हरकत नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.’ नोकरी, पगार, ओळखपत्रे सगळे नीट असलेल्या मुलामुलींना मी हे ऐकून निमूट परतताना पाहतो. अपमान तर होतोच, पण इथे मला त्यामागच्या आर्थिक नुकसानीबद्दल बोलायचे आहे.

आधी कायदा पाहू. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आगाऊ लेखी कळवणे पुरते. विकत घेताना 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा सांगतो की, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो सभासद झाला असे मानले जाते. अर्थात सगळा कायदा आपल्या बाजूने नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा फक्त पारशांना सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला. धर्मावरून घर भाड्याने नाकारणाऱ्या खासगी मालकाला थेट रोखणारा कायदाही नाही. तरीही नकार लेखी मागा. तोंडी ‘चालत नाही’ म्हणणारे अनेक सेक्रेटरी कागदावर तसे लिहायला धजत नाहीत.

आता बाजार. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्रा, मीरा रोडकडे गेली. मागणी मोजक्या वस्त्यांत कोंडली की तिथल्या बिल्डरला कळते, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही. मग भोगवटा प्रमाणपत्र नसलेली, प्लॅन मंजूर नसलेली इमारतही विकली जाते. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळ इथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून 74 माणसे मेली. मृतांत मजूर होते, लहान मुले होती. ज्याला निवडीला वाव नाही, तो अशाच घरात पोहोचतो.

आपल्यापैकी अनेकजण व्याज नको म्हणून गृहकर्ज घेत नाहीत. तो ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. पण बँक कर्ज देताना वकिलाकडून मालमत्तेचे कागद तपासून घेते. कर्ज नाही म्हणजे ती तपासणीही नाही. आयुष्यभराची बचत, आईचे दागिने, सौदीतल्या भावाचे पैसे, सारे एका साध्या पावतीवर दिले जातात. म्हणून कर्ज न घेणाऱ्याने दुप्पट सावध राहावे. स्वतःचा वकील लावून टायटल सर्च करा. नव्या प्रकल्पाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर पाहा, आणि बांधकाम परवानगी पालिकेतूनही पडताळा. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचे प्रकरण ताजे आहे. रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. किंमत कार्पेट एरियावर ठरवा. बिल्डर ‘आपला माणूस’ आहे, पाच वक्त नमाजी आहे, हा कागदाला पर्याय नाही.

शेवटी एक बोचरी गोष्ट. आपल्या बहुसंख्य इमारतींत तरी काय वेगळे चालते? मुस्लिम मालक मला फोनवर सांगतात, बॅचलर नको, तलाकशुदा बाई नको, अमुक मसलकचा नको, दलित तर नकोच. हेच वाक्य दादर किंवा मुलुंडमध्ये ऐकले की आपल्याला संविधान आठवते. न्याय हवा असेल तर तो आपल्या जिन्यापासून सुरू झाला पाहिजे.

तरुणांनी आपापल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जावे, निवडणूक लढवून कमिटीत बसावे. कोणाला घर द्यायचे, हे तिथेच ठरते. आणि त्या टेबलावर आज आपल्यापैकी फार थोडे बसलेले असतात.