विश्लेषण : दुसरी लाइन असूनही ‘नेट डाऊन’ का?

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी इंटरनेट बंद पडले की पहिला फटका रांगेतल्या माणसाला बसतो. खरेदीखताची नोंदणी, बँकेतला भरणा, रेशन दुकानातला अंगठा, सगळे दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असते. खेड्यावरून एसटीने आलेल्याची दिवसाची मजुरी बुडते. यावर ठरलेले उत्तर एकच असते, ‘बॅकअप लाइन घ्या’. पण राउटरने त्या लाइनवर कधी वळायचे आणि मूळ लाइनवर कधी परतायचे, हे ठरवलेले नसेल तर दुसऱ्या लाइनचे भाडे वाया जाते.

डायल-अपचा धडा काय?

व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळात कार्यालयाची लीज्ड लाइन तुटली की राउटर मोडेममार्फत चक्क फोन लावत असे. वेग फार तर 56 केबीपीएस, आयएसडीएनच्या एका चॅनेलवर 64. राउटरमध्ये दोन मार्ग लिहिलेले असत आणि दुसऱ्याला मुद्दाम कमी पसंती दिलेली असे. पहिला मार्ग यादीतून गेला की दुसरा आपोआप वर येई. याला ‘फ्लोटिंग स्टॅटिक रूट’ म्हणतात. आज फोनच्या जागी 4जी सिम आले, रचना तीच राहिली.

तेव्हा एक खोच होती. राउटर एकमेकांना ‘चालू आहे’ असे निरोप सतत पाठवतात. त्या निरोपांसाठीही फोन लागत राही आणि बिल वाढे. म्हणून कोणत्या कामासाठी फोन लावायचा, हे राउटरला सांगावे लागे. आजही सिमचा डेटा सीसीटीव्ही आणि संगणकाचे अपडेट खाऊन टाकतात. बॅकअपवर फक्त खिडकीवरचे काम चालावे, ही मर्यादा घालायलाच हवी.

वळायला किती वेळ लागतो?

राउटर कोणती पद्धत वापरतो, यावर ते ठरते. ‘रिप’ या जुन्या पद्धतीत दर 30 सेकंदांनी निरोप जातो आणि 180 सेकंद काहीच आले नाही तर मार्ग बाद धरला जातो. ‘ओएसपीएफ’मध्ये बहुतेक ठिकाणी निरोप 10 सेकंदांचा, तर मुदत 40 सेकंदांची असते. ‘बीजीपी’मध्ये अनेक राउटर 180 सेकंद वाट पाहतात. कारखान्यातून आलेले हे आकडे कोणी बदललेच नाहीत, तर तीन मिनिटे पडदा गोठलेला राहतो आणि अर्धवट भरलेला अर्ज पुन्हा भरावा लागतो.

त्याहून मोठा घोळ वेगळाच आहे. फायबर पाच किलोमीटरवर तुटली तरी कार्यालयातल्या डब्याची आणि राउटरची जोडणी शाबूत असते. दिवा हिरवा दिसतो, राउटर लाइन चालू समजतो आणि वळतच नाही. म्हणून राउटरने दूरच्या पत्त्यावर सतत हाक मारून पाहिले पाहिजे. दर 5 सेकंदांनी हाक आणि सलग तीनदा उत्तर नाही, म्हणजे साधारण 15 सेकंदांत निर्णय.

परतीची घाई का नको?

तुटकी लाइन अनेकदा येते-जाते. ती दिसताच राउटर परतला, तर दर मिनिटाला इकडून तिकडे उड्या सुरू होतात. लाइन बदलली की बहुधा बाहेरचा आयपी पत्ता बदलतो आणि चालू असलेले लॉगिन तुटते. संथ 4जीपेक्षा हे वाईट. म्हणून जाताना 15 सेकंद पुरेत, पण मूळ लाइन सलग पाच-दहा मिनिटे टिकल्यावरच परतावे.

दुसरी लाइन खरेच दुसरी आहे का?

दोन कंपन्यांच्या तारा एकाच चरातून गेल्या असतील तर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. खोदकामाआधी कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च 2023 मध्ये सुरू झाले, ते याच त्रासापायी. त्याच वर्षी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात रिंग पद्धत स्वीकारली गेली, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते. देऊळगाव राजाला ही सोय भूगोलानेच दिली आहे. एक रस्ता चिखलीमार्गे बुलढाण्याला जातो, दुसरा जालन्याला, आणि जालना जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा जवळ आहे. दोन लाइन दोन दिशांनी घेणे हाच खरा पर्याय. केवळ सिमवर विसंबले, तर बालाजी महाराजांच्या यात्रेत टॉवरवर गर्दी झाली की तोही अडखळू शकतो.

काय व्हायला हवे?

निविदेत फक्त ‘बॅकअप लाइन’ असे लिहून भागणार नाही. किती सेकंदांत वळेल, किती मिनिटांनी परतेल आणि तार कोणत्या रस्त्याने येईल, हे त्यात हवे. महिन्यातून एकदा कामाच्या वेळेत मुख्य तार मुद्दाम काढून पाहावी, लागलेला वेळ वहीत लिहावा आणि ठरल्यापेक्षा जास्त लागला तर बिलातून कपात करावी. राउटरमधले हे आकडे बदलायला वेगळा खर्च फारसा लागत नाही. ते न बदलल्याची किंमत मात्र रांगेतला माणूस मोजतो.