उंदीर मरत नाहीत तेव्हा

उंदीर पडला की घर सोडावयाचे, हा धडा १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगने महाराष्ट्रास शिकविला. परंतु उंदीर पडतच नाही तेव्हा काय? आम्हांस हा प्रश्न अधिक चिंतेचा वाटतो.

१९६६ नंतर देशात प्लेगचा रोगी आढळला नव्हता; पहारा ढिला पडला. १९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठी दिसू लागल्या आणि सप्टेंबरात सुरत हादरले. मधली अठ्ठावीस वर्षे जंतू कोठे होता? बहुधा रानात. शेतांतील बिळांत राहणारा टाटेरा इंडिका हा त्याचा जुना यजमान. रोगाने दुबळे मरतात. तरलेल्यांची प्रजा चिवट निपजते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रयोगांत मुंबईच्या उंदरांस प्लेग फारसा बाधेना. ज्या मद्रासने प्लेग क्वचितच पाहिला होता, तेथील उंदीर मात्र पटापट मेले! असा चिवट उंदीर जंतू बाळगतो आणि इशारा देत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर ओस घरांतील धान्यावर घरउंदीर माजले व रानातील पिसवा त्यांच्यावर आल्या, असे अनुमान आहे.

मारलेल्या उंदरांचे आकडे नगरपालिकांनी खुशाल मिरवावेत. पण उंदीर मेला की त्याची पिसू माणसाकडे वळते. म्हणून साथीत औषध आधी पिसवांवर, विष मागाहून. आणि रोग नसतानाही मराठवाड्यातील रानउंदरांचे रक्त दर हंगामात तपासून निष्कर्ष जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत, अशी आमची मागणी आहे.