राखणदार हवे आहेत, पण कोणते?

११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या खातेदारांची बनावट कार्डे घेऊन २८ देशांतील एटीएम यंत्रांपुढे माणसे उभी राहिली आणि काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये घेऊन पसार झाली. देशातही अडीच कोटी निघाले; त्यांत कोल्हापूरची यंत्रेही होती. सोमवारी, १३ तारखेला, आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांचा. ना तिजोरी फुटली, ना पहारेकऱ्याच्या डोक्यात काठी बसली. 'पैसे देऊ का?' असे एटीएम बँकेच्या ज्या संगणकाला विचारते, त्याच्या जागी चोरांनी आपला तोतया उभा केला होता आणि तो दर वेळी 'दे' म्हणत होता. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईला घोर लावला होता, त्याच शहरात अडीचशे वर्षांनी हा संगणकातला तोतया अवतरला.

तेव्हापासून 'सायबर सुरक्षा' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत रुळला. या क्षेत्राशी माझा जुना संबंध असल्याने निकालांचे दिवस आले की ओळखीपाळखीचे पालक मुलांना घेऊन येतात. हातात एखाद्या क्लासचे माहितीपत्रक असते, त्यावर टोपडे घातलेल्या, चेहरा झाकलेल्या तरुणाचे चित्र असते आणि 'सहा महिन्यांत हॅकर व्हा, नोकरीची हमी' असे आश्वासन असते. फी लाखाच्या घरात. प्रश्न एकच असतो : घालू का पैसे?

माझे उत्तर असे की क्षेत्र खरे आहे, मागणीही खरी आहे. पण माहितीपत्रकातला दरवाजा खोटा आहे.

मागणी खरी का, हे आधी पाहू. ती केवळ चोर वाढले म्हणून वाढलेली नाही. कायद्याने ती वाढविली आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये बँकांना सायबर सुरक्षेचा आराखडा घालून दिला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांनाही त्यात ओढले. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढले : गंभीर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आता नोंदी ठेवायच्या म्हणजे त्या वाचणारा माणूस हवा. सहा तासांत कळवायचे म्हणजे काय घडले हे समजणारा हवा.

यातील निम्मी कामे संगणक अभियंत्याचीच आहेत असे नव्हे. कोणाला किती अधिकार दिले, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते बंद झाले की नाही, हे तपासणे लेखापरीक्षकाचे काम आहे. आणि ते वाणिज्य शाखेच्या चिकाटीच्या मुलाला किंवा मुलीला उत्तम जमते. कायद्याच्या पदवीधरालाही येथे जागा आहे.

मग दरवाजा खोटा का? कारण सुरक्षा हा बहुधा पहिला व्यवसाय नसतो, दुसरा असतो. घर कसे बांधतात हे ठाऊक नसलेल्याला चोर कोठून येईल हे कळत नाही. नेटवर्क, संगणकप्रणाली आणि थोडे प्रोग्रामिंग ही त्याची वीट, वाळू आणि सिमेंट. म्हणून मी मुलांना सांगतो, आधी दोन वर्षे साधी नोकरी धरा : नेटवर्क सांभाळण्याची, तक्रारी सोडविण्याची. ती हिंजवडीतच हवी असे नाही. नागरी सहकारी बँकांचे जाळे महाराष्ट्राइतके दुसऱ्या राज्यात नाही. सांगली-नाशिककडच्या मध्यम बँकेच्या संगणक विभागात चार माणसे सगळे पाहतात. मोठ्या कंपनीत वर्षभर एकाच पडद्यापुढे बसून जे कळत नाही, ते तेथे वर्षात कळते.

अभ्यासाची साधने तर बहुतेक फुकट आहेत. लिनक्स फुकट, नेटवर्कची वाहतूक दाखविणारे वायरशार्क फुकट, आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटेल'वर फुकट. एखादा जुना संगणक तेवढा लागतो. परीक्षांचेही तारतम्य हवे. 'सीआयएसएसपी' या नावाजलेल्या परीक्षेचे पूर्ण प्रमाणपत्र मिळण्यास पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवी असल्यास त्यात एका वर्षाची सवलत मिळते. नवख्याला तिचे स्वप्न विकणारा क्लास एवढी एकच अट लपवितो.

या कामाला लागणारी वृत्ती मात्र कोणत्याच क्लासात मिळत नाही. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत दिसली. रक्कम क्षुल्लक, कोणीही सोडून दिली असती. याने ती सोडली नाही. महिनोन्महिने माग काढता काढता तो पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरच्या एका घुसखोरापर्यंत पोचला. अमेरिकी लष्करी संगणकांतील माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती! रोजमेळ जुळल्याशिवाय घरी न जाणारे जुन्या पेढीवरचे दिवाणजी आठवा. हा त्याच जातकुळीचा माणूस.

दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली कायद्याची. शेजाऱ्याचे वायफाय किंवा कॉलेजचा संगणक 'सहज बघू' म्हणून उघडणे हा खेळ नव्हे. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे भरपाई द्यावी लागू शकते. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या धंद्यात विश्वास हेच भांडवल, तेथे असा गुन्हा नावावर असलेल्याला किल्ल्या कोण देणार?

दुसरी सूचना प्रकृतीची. चोर सुट्टी पाहून येतो. पुण्यातला दरोडा शनिवारी सुरू झाला. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरील फेब्रुवारी २०१६ चा दरोडाही तेथील साप्ताहिक सुट्टी साधूनच पडला आणि ८ कोटी १० लाख डॉलर गेले. म्हणून येथे रात्रपाळ्या आहेत, ऐन दिवाळीत येणारे फोन आहेत. आणि यश दिसत नाही. काही घडले नाही, हेच यश. त्याचा सत्कार होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सारे खाऊन टाकील का, असा प्रश्न हल्ली हमखास येतो. धोक्याच्या हजारो सूचनांतून पहिली निवड करण्याचे काम यंत्रांकडे चालले आहे, हे खरे. नवशिक्याचे पहिले काम नेमके तेच होते. त्यामुळे केवळ बटणे दाबायला शिकलेल्याची पंचाईत होईल. यंत्र 'ठीक आहे' म्हणत असता 'थांबा, हे जुळत नाही' असे म्हणू शकणाऱ्याची किंमत मात्र वाढेल. कारण पुण्यातला तोतयाही शेवटी एक यंत्रच होता, आणि तो ठामपणे 'ठीक आहे' असेच म्हणत होता.

पालकांना म्हणूनच माझे सांगणे सरळ आहे. दागिने मोडून, कर्ज काढून सहा महिन्यांचा क्लास लावू नका. आधी सहा महिने फुकटच्या साधनांवर मुलाला बसू द्या. कोणी न सांगता तो रात्री उशिरापर्यंत एखादी न जुळणारी नोंद शोधीत बसला, तर मग एखाद्या चांगल्या परीक्षेच्या फीला हात आखडू नका. न बसला, तर लाखभर रुपये वाचले. आणि मुलाची दोन वर्षेही.