वाचन झाले, अभ्यास केव्हा?

आपल्या चळवळीला वाचणाऱ्या माणसांची वाण कधी पडली नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाचा विचार नाशिकच्या तुरुंगात आकाराला आला, आणि तेथे ग्रंथांची संगत होतीच. आजही अभ्यासवर्गाला येणाऱ्या कार्यकर्त्याच्या पिशवीत एखादे पुस्तक असते. तक्रार वाचनाच्या अभावाची नाहीच. पुस्तक मिटले की अभ्यास झाला, असा एक सोयीस्कर समज आपल्यात रुजला आहे, आणि अभ्यासवर्ग या नावाने जे भरते ते बहुधा व्याख्यान असते, ही खरी तक्रार आहे.

वाचणारा लेखकाच्या मागून चालतो. अभ्यास करणारा त्याला वाटेत अडवून विचारतो की, हे तू कशावरून म्हणतोस? यातला फरक किती मोठा राजकीय परिणाम घडवू शकतो, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. मे १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया फरुखाबादच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. ऑगस्टमध्ये, नेहरू मंत्रिमंडळावरील अविश्वासाच्या ठरावाच्या वेळी, देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सभागृहाला ऐकवले. पंतप्रधानांनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. राष्ट्रीय उत्पन्नाचे सरकारी आकडे सर्वच सभासदांनी वाचलेले होते. बहुतेकजण सरासरीपाशी थांबले होते. लोहियांनी विचारले, ही सरासरी कोणाकोणाची? मिलमालकाची आणि शेतमजुराची मिळकत एकत्र करून भागाकार केला, तर मजुराचे पोट कागदावर भरते. वरच्यांचा वाटा वेगळा काढा आणि खालच्या साठ टक्क्यांच्या हाती काय उरते ते पाहा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे सरकारच्याच बाजूने साडेसात आण्यांचा आकडा आला. तीन खरे की साडेसात, यावर वाद घालता येईल. पण पंधरा आणे टिकले नाहीत, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली. विरोधी बाकांवर बसलेल्या मूठभरांना हे साधले ते बहुमताच्या बळावर नव्हे.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संसदेने संमत केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली. कारखाना बंद करण्यासाठी किंवा कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वर्तमानपत्रात वाचले आहे. भाषणातही तो ते सांगतो. परंतु हा तीनशेचा आकडा आला कोठून? १९७६ साली, आणीबाणीत, औद्योगिक विवाद कायद्यात जे पाचवे-ब प्रकरण घातले गेले, त्यात मर्यादा तीनशेचीच होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती शंभरावर आली आणि तो बदल १९८४ पासून लागू झाला. राजस्थानने २०१४ साली आपल्यापुरती ती पुन्हा तीनशेवर नेली. म्हणजे जे आपल्यापुढे ‘सुधारणा’ म्हणून मांडले जाते, ते मागे टाकलेल्या ठिकाणी परत जाणे आहे. जुना कायदा नव्याशेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच तरतुदीत तीनशे या आकड्यानंतर, शासन अधिसूचनेने ठरवील अशी याहून अधिक संख्या, या आशयाचे शब्द आहेत. म्हणजे उद्या ही मर्यादा पाचशे करायची झाल्यास विधेयक नको, चर्चा नको. राजपत्रातील एक अधिसूचना पुरे. घाईने वाचणाऱ्याची नजर आकड्यावर थांबते, आणि धोका त्याच्या पुढच्या शब्दांत आहे. तसेच संपाचे. संपाच्या कलमात चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेची अट आता सर्वच उद्योगांना लावली आहे. पूर्वी ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. पण निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच, हे त्या कलमात सापडणार नाही. ते व्याख्यांच्या कलमात आहे, जे कंटाळवाणे म्हणून सगळेच ओलांडून जातात. बेकायदा संपाला दंडाची आणि तुरुंगवासाचीही तरतूद असल्यामुळे हा कंटाळा महागात पडणारा आहे.

यावर हमखास आक्षेप येतो की, रात्रपाळी करून आलेल्या कामगाराकडून कलमांचा कीस काढण्याची अपेक्षा करणे हा पांढरपेशी हट्ट आहे. मला हा आक्षेप कामगाराचा अपमान करणारा वाटतो. हजेरीपटावर किती माणसे आहेत, ठेकेदाराच्या नावावर किती, गेल्या बारा महिन्यांत ती संख्या केव्हा व कशी घटली, हे त्याच्याइतके कोणत्या वकिलाला ठाऊक आहे? तीनशेच्या मर्यादेचा अर्थ त्याच्या कारखान्यापुरता तोच लावू शकतो. त्याला कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसवले नाही, एवढेच.

तेव्हा जिल्हा शाखांना सूचना अशी की, पुढच्या वर्गाला वक्ता बोलावू नये. संहितेची मूळ प्रत आणि १९४७ च्या कायद्याची प्रत शेजारी ठेवावी, एका बैठकीत एकच कलम घ्यावे, आणि प्रत्येकाने आपल्या कारखान्याची मोजणी लिहून आणावी. दोन टिपणांत आकडे जुळले नाहीत, तर त्या दिवशी पुढचे कलम घेऊ नये.