मुलांच्या झोपेचीही विचारपूस व्हावी : धारणीचा जाहीरनामा

मेळघाटातले मूल जगावे म्हणून महाराष्ट्राने वजनकाटे आणले, दंडघेर मोजला, शिधा पोचवला. ते गरजेचे होते, आजही आहे. पण जगलेले मूल आता चौदा वर्षांचे झाले आहे आणि वसतिगृहात रात्री दचकून उठते आहे. कुणी धाकटे भावंड जाताना पाहिले, कुणी दारूपायी आईला झालेली मारहाण. कुणाचे आईबाप होळीनंतर कामासाठी गाव सोडून गेले. सकाळी पोट दुखते, ताप नसतो, एक गोळी मिळते. गप्प राहिले तर मूल आळशी ठरते, अंगावर धावून आले तर उनाड.

आम्ही मेळघाटातल्या धारणीचे शिक्षक, पालक आणि आरोग्यसेवक हे शिक्के नाकारतो.

आम्ही मानतो की भीती शरीरात मुक्काम करते. संकट दिसताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात, रक्तातली साखर वाढते, अंग सज्ज होते. संकट टळले की मेंदू हा स्राव आवरतो. भीती रोजचीच झाली की हा लगाम बिघडतो. कुणाची पातळी चढीच राहते, तर कुणाची आघातानंतर नेहमीपेक्षा खाली जाते. म्हणून रक्ताच्या एका चाचणीवर दुःख मोजता येत नाही; मुलाचे ऐकूनच घ्यावे लागते. किशोरवयात मेंदू नव्याने घडत असतो. या वयात घाव खोल जातो, आणि याच वयात तो भरूनही येऊ शकतो.

आम्ही मानतो की आधार गावातच उभा राहतो. याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावच्याच माणसांना शिकवून तयार केले, आणि नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. मोठ्यांसाठी जे झाले, ते मुलांसाठीही करू.

आम्ही प्रत्येक वसतिगृहात कोरकू बोलणारा, ऐकून घेणारा माणूस नेमायला लावू. वजनाच्या नोंदीशेजारी झोप, भूक आणि भीतीची विचारपूस सुरू करू. मुलाने सांगितलेले चारचौघांत जाऊ देणार नाही. छडी बंद करू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मार आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. गावात पारंपरिक उपचार करणाऱ्या भूमकांना सोबत घेऊ, कारण घाबरलेले मूल आधी त्यांच्याकडेच नेले जाते. मानसोपचार मिळणे हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तो घाट उतरून अमरावतीला न जाता धारणीतच, ठरल्या दिवशी मिळावा यासाठी पाठपुरावा करू. तोवर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहू.

गुरुजी, बाई, अधीक्षक, आशाताई, मायबाप हो, आमच्यात या. उद्या एखादे मूल वर्गात चिडले, तर शिक्षा करण्याआधी त्याला जवळ बसवा आणि काय झाले ते विचारा. आपली चळवळ तिथून सुरू होते.