पिशवी, गोळी आणि घड्याळ

ऑफिसात एखाद्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, की परत आल्यावर तो कॅन्टीनमध्ये चहासोबत सगळी स्टोरी सांगतो. टाके किती, बिल किती, क्लेम पास झाला का... सगळं! पण एखादीची फायब्रॉइडची गाठ काढली, ओव्हरीतली सिस्ट काढली, तर एचआरला जाणाऱ्या मेलमध्ये काय असतं? 'स्मॉल प्रोसीजर.' बस्स. टीमला वाटतं, अक्कलदाढ काढली असेल.

याचा तोटा ठाऊक आहे? ऑपरेशनबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून नंतरच्या दुखण्याबद्दलही कुणी बोलत नाही. तर आज तेच बोलू या.

माझ्या गाठी गेल्या वर्षी दुर्बिणीतून काढल्या. घर शुक्रवार पेठेत, मंडईपासून पाच मिनिटांवर. तारीख ठरली आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. पहिली आई आणि आत्याची : 'बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं. गोळ्यांची सवय लागते गं!' दुसरी माझ्या मैत्रिणीची : 'कशाला त्रास काढतेस? मला दिलेली ती स्ट्राँग गोळी घे, मस्त झोप लागते.' सोबत व्हॉट्सॲपवर स्ट्रिपचा फोटो. ट्रॅमाडॉल!

ट्रॅमाडॉल ही ओपिऑइड गटातली गोळी. अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनची नातेवाईक, फक्त कारखान्यात जन्मलेली. २०१८ मध्ये ती आपल्याकडे एनडीपीएस कायद्याखाली आली. दुखणं थांबवते, मान्य. पण मळमळ, गरगर, गुंगी आणि बद्धकोष्ठता असं वऱ्हाडही घेऊन येते. पोटाला टाके असताना संडासात जोर करावा लागणं म्हणजे काय, हे... असो. शिवाय डिप्रेशन किंवा अँग्झायटीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांबरोबर तिचं अजिबात जमत नाही, धोका होऊ शकतो. आपल्यातल्या ज्या कुणी त्या गोळ्या घेतात, त्यांनी सर्जनला ते आधीच सांगायला हवं. इथे लाजून चालणार नाही.

मग काय, सोसायचं की गुंगीत पडून राहायचं? तिसरा रस्ता मला दाखवला भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी. (आपण सर्जनची सगळी कुंडली काढतो, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांशी पाच मिनिटंही बोलत नाही!) त्यांचं म्हणणं सोपं होतं. दुखणं एकाच वाटेनं येत नाही, तर त्याला एकाच गोळीनं का अडवायचं? ऑपरेशनच्या वेळीच टाक्यांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन. नंतर सूज आणि दुखणं उतरवणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी, जोडीला पॅरासिटामॉल. आणि महत्त्वाचं म्हणजे, पहिले दोन-तीन दिवस या गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या. दुखणं डोक्यावर चढलं की त्याला खाली उतरवायला जास्त औषध लागतं, म्हणून ते चढायच्या आधीच. स्ट्राँग गोळी बाराव्या खेळाडूसारखी बाहेर बसलेली. लागली तरच मैदानात.

हे काही कालचं फॅड नाही. हेन्रिक केलेट हे डॅनिश सर्जन १९९० च्या दशकापासून असंच काहीसं सांगत आलेत. आणि आकडे हवे असतील तर अमेरिकेतल्या बफेलो शहरातलं रॉसवेल पार्क कॅन्सर सेंटर बघा. तिथल्या डॉक्टरांनी स्त्रीरोगांच्या ऑपरेशननंतर ओपिऑइड देण्यावर कडक बंधनं घातली आणि २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. दुर्बिणीतून किंवा रोबोटनं ऑपरेशन झालेल्या पेशंटना घरी जाताना आधी सरासरी ३८ गोळ्या मिळायच्या, त्या एकाच्या आसपास आल्या. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ४४ च्या १२ झाल्या. आणि दुखणं वाढलं का? नाही! जादा गोळ्यांची मागणीही वाढली नाही.

पण थांबा, इथेच खरी गोम आहे. अमेरिकेची अडचण होती घरोघरी साठलेल्या गोळ्यांची. तिथे २०१७ मध्ये ओपिऑइडच्या संकटापायी आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. आपली गोष्ट नेमकी उलटी. १९८५ च्या कायद्यानंतर आपल्याकडे कॅन्सरच्या पेशंटलाही मॉर्फिन मिळणं मुश्कील झालं. नियम सोपे करण्यासाठी २०१४ मध्ये कायदा बदलावा लागला. त्यामुळे 'ओपिऑइड कमी करा' हे वाक्य पुण्यात येईपर्यंत त्याचं होतं 'गोळ्या कमी करा', आणि आत्याच्या घरात शिरेपर्यंत 'सोस थोडं'!

याचा पुरावा मला मंडईतच मिळाला. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी माझा उजवा खांदा ठणकत होता. हो, ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा! दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात. उरलेला गॅस श्वासाच्या पडद्याला टोचतो आणि मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. थोडं थोडं चाला, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून हळूहळू चालत १८८६ पासून उभ्या असलेल्या त्या आठ कोनी इमारतीपर्यंत गेले. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी चालीवरूनच ओळखलं. 'पिशवीचं काही केलं का?' मंडईत पिशवी म्हणजे भाजीची, पण बायकांच्या कुजबुजीत पिशवी म्हणजे गर्भाशय!

मावशींची स्वतःची पिशवी बारा वर्षांपूर्वी काढलेली, पोट उघडून. गोळ्या? 'दोन दिवस घेतल्या, मग बंद. उगा सवय नको.' मग दुखलं नाही? 'दुखलं की! खोकायला भ्यायचे. आठ दिवस अंथरुणातून उठले नाही.' आणि बघा, धोका नेमका तिथेच असतो. दुखतं म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, कफ साठतो. हलत नाही, तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. गोळी आरामासाठी नसते हो, उठून चालता यावं म्हणून असते. मावशींनी बंद केलेल्या गोळ्या बहुतेक साध्याच असणार. सवयीची भीती एका गोळीची आणि शिक्षा मात्र दुसरीला!

(मेथीच्या दोन जुड्या मावशींनी मला उचलू दिल्या नाहीत. पोराच्या हाती घरी पोचवल्या.)

तर मैत्रिणींनो, ऑपरेशनच्या आधी एवढं विचाराच : टाक्यांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन देणार का? कुठली गोळी किती तासांनी, किती दिवस? स्ट्राँग गोळी कधी घ्यायची आणि कधी थांबवायची? किडनीचा त्रास, अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर ते आधी सांगा, कारण सूज उतरवणाऱ्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. आणि स्ट्रिपची मागची बाजू वाचा. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत, ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतसुद्धा पॅरासिटामॉल असतं. नकळत डबल डोस झाला तर लिव्हरवर येतं.

खोकताना पोटाशी उशी घट्ट धरा, फार बरं वाटतं. पण ताप आला, रक्त फार जायला लागलं, पोटरी सुजली, धाप लागली किंवा गोळ्या घेऊनही दुखणं रोज वाढतच चाललं, तर घरच्या दोन्ही पार्ट्यांचं न ऐकता सरळ डॉक्टरांना फोन लावा.

आणि हो, मोबाइलवर गोळ्यांचे गजर लावून ठेवा. रात्री दोनचासुद्धा!